चटईचं वजन

दि. ९ मे

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या शाळेतला वजनाचा काटा नीट लावून घरी पोचलो, पण प्रवासात माझाच पाठीचा काटा ढिला झाला. चार इयत्ता शिकलेल्या माणसाला तू संशोधनात घेतलंस, त्याचा तोरा इथे आठ दिवस मिरवतोय. न्हाव्याने विचारलं की संशोधन कसलं. मी मान ताठ करून सांगितलं की मुलं काय खातात, किती झोपतात, किती खेळतात आणि तरी जाड का होतात, याचं. तो म्हणाला की एवढ्यासाठी संशोधन कशाला, माझ्या मेव्हण्याला बघा.

तुझी आई बरी आहे. परवा तिच्या डाव्या बाजूला बसून अर्धा तास गप्पा मारल्या, मग आठवलं की त्या कानाला तिला ऐकूच येत नाही. उजवीकडे सरकून सगळं पुन्हा सांगितलं. त्यावर म्हणते की डावीकडूनच बरं होतं. सारा जन्म काट्यांच्या घरात गेला, पण बाई काट्यावर पाय ठेवत नाही. फरशी पुसतानाही त्याला वळसा घालून जाते.

सोबत एक रबरी चटई पाठवतोय. त्या लोखंडी पाट्यावर पोरं अनवाणी उभी राहतात, पाय आखडून घेतात, ते बघवलं नाही. माझ्या दुकानातली जुनी जाड चटई मापात कापली आहे. पाट्यावर ठेव आणि मग पोरांना उभं कर. तबकडीखालच्या स्क्रूला मात्र बोटही लावू नकोस, सुई शून्यावर मी स्वतः बसवली आहे.

लोभ आहेच. वाढला तर काट्यावर घालून बघू.

तुझा मामा


दि. २७ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

चटई मिळाली. पोरं आता काट्यावरून उतरायलाच तयार नसतात. तुमच्या स्क्रूकडे कोणाला फिरकूही दिलेलं नाही.

बातमी मोठी आहे. सुट्टीनंतर दोनशे बारा मुलांची वजनं घेतली. सगळीच वाढली आहेत! पहिलीतलं एक फुंकरीने उडेल असं पोर, तेही दोन किलोने वाढलंय. मोठ्या बाई भलत्याच खूश झाल्या. सुट्टीतलं लोळणं आणि सटरफटर खाणं मुलांना किती महागात पडतं, याचा असा पुरावा आजवर मिळाला नव्हता, असं म्हणाल्या. नेहमीप्रमाणे प्रत्येकाच्या घरी वजनाची चिठ्ठी पाठवली. वाढलेल्यांना लाल शाईत.

आमच्या यादीतली छत्तीस नंबरची तुम्हाला आठवते का? नऊ वर्षांची, तुमच्या पेटीतली वजनं उचलून बघत होती ती. वर्गात तिला ढोली म्हणतात. सोमवारी मधल्या सुट्टीत चौघीजणींनी तिला नळाच्या खांबाला बांधून खडे मारले. तिने हात सोडवून घेतला आणि एकीच्या तोंडावर कंपासपेटी अशी हाणली की दोन दात हातात आले. मी मध्ये पडले तर मलाही चावली. आणि हीच पोरगी काट्यावर आली की थरथरते. लाल चिठ्ठी बघून तिने विचारलं की केसांतल्या रिबिनी काढून पुन्हा वजन करता येईल का. मी हसले आणि म्हटलं की रिबिनीचं असं कितीसं वजन असणार.

आमच्या संशोधनाच्या चाळीस प्रश्नांना तिने जी उत्तरं दिली आहेत, ती कोड्यासारखी आहेत. घरी मोजून अर्धा पाव, वडील व्यायामशाळेत शिकवतात ते रोज पहाटे पळवतात, तरी वजन हटत नाही. जेवता कुठे, या प्रश्नापुढे तिने लिहिलंय: न्हाणीघरात, उभ्याने, लवकर.

आईला नमस्कार सांगा. पत्राची वाट बघते.

तुमची भाची


दि. १ जुलै

चि. भाचीबाईस,

आशीर्वाद नंतर. आधी उठ आणि ती चटई काट्यावरून काढ. रिकाम्या काट्यावर सुई शून्यावर असेल. आता चटई परत ठेव. सुई दोनवर जाईल.

फुंकरीने उडणारं पोर दोन किलोने वाढलं, हे वाचलं आणि हातातला कप खाली पडला. सुई मी चटईशिवाय बसवली होती. चटई मागाहून सुचली. पाठवताना शून्य पुन्हा लाव म्हणून लिहायचं, तर वर तुला स्क्रूला हात लावू नकोस म्हणून दम भरला. पन्नास वर्षं लोकांचे खोटे काटे पकडले आणि म्हातारपणी मायेपोटी स्वतःच एक बनवून दिला. सुट्टीने कोणी जाड झालेलं नाही. ती चटई आहे.

आजच्या आज चिठ्ठ्या परत माग. त्या रिबिनवालीची सगळ्यांत आधी.

मामा


दि. ५ जुलै

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीन तारखेला मिळालं. चिठ्ठी तिच्या घरी जाऊन सहा दिवस झाले होते.

तिच्या वडिलांनी तिला दोरीवरच्या उड्यांच्या दोरीने मारलं. लाकडी मुठीच्या बाजूने. पोटऱ्यांवर, पाठीवर, आणि तिने तोंड झाकायला हात वर केला तेव्हा कोपरावर. कोपराचं हाड फुटलं. तीन दिवस तो हात तसाच लोंबत ठेवून ती शाळेत आली, बाही खाली ओढून. चौथ्या दिवशी काट्यापाशी चक्कर येऊन पडली तेव्हा मोठ्या बाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या.

तासाभरात बाप शाळेत हजर. कारकुनाने दार अडवलं तर त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. मला म्हणाला की लाल शाईत तुम्हीच लिहून पाठवता आणि आता पोरीला लपवता. माझ्या तोंडात मारली. ओठाला तीन टाके पडलेत. मग काटा उचलून भिंतीवर फेकला, तबकडीची काच वर्गभर उडाली. मुलं बाकांखाली लपली होती. मामा, त्यांतली काही हसत होती.

आता तो जामिनावर सुटलाय. पोरगी अजून दवाखान्यात आहे, पण परत त्याच घरी जाईल असं म्हणतात. मी काळ्या शाईत सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या आहेत. तिचं वजन वाढलेलं नाही, उलट अर्धा किलो कमीच झालंय. हे तुमच्यासारख्या जाणत्या काटेवाल्याने स्वतः जाऊन त्याला पटवलं, तर तो ऐकेल. याल का? दुसरं काही सुचत नाही.

तुमची भाची


दि. १९ जुलै

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

बरगड्या जुळताहेत. हसलं की कळ येते, म्हणून तुझ्या आईला विनोद करायला बंदी केली आहे. दवाखान्यात तू माझ्या उशाशी बसून विचारत होतीस की तुमच्यासारख्या माणसाने हात उचलला कसा. राग आला, एवढंच मी सांगितलं. पोलिसांनाही तेच. ते अर्धंच आहे.

त्याच्या व्यायामशाळेत मी चटई, काळी चिठ्ठी आणि माझी वजनांची पेटी घेऊन गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी चटई त्याच्याच काट्यावर ठेवून दोन किलो दाखवले. चूक माझी, पोरीची नव्हे, असं हात जोडून सांगितलं. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वेळी खरंच वाढेल तेव्हाचा मार आगाऊ झाला असं धरू.

तेव्हा मला कळलं की मी त्याला काय द्यायला आलो होतो. आकडा बरोबर असता तर पोरीचं कोपर फोडणं बरोबर झालं असतं, एवढंच मी त्याला समजावत होतो. पेटीतलं दोन किलोचं वजन हातातच होतं. ते मी त्याच्या जबड्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकला आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा त्याने मला खाली पाडून तुडवलं. खटला होईल. होऊ दे.

राहिलेलं अर्धं आता ऐक. माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, दर रविवारी दुकानात तुझ्या आईला पोत्यांच्या काट्यावर उभं करायचे. ती नऊ वर्षांची, अंगाने जाडसर. त्यांची नजर कमजोर, म्हणून सुई बघून आकडा मोठ्याने वाचायचं काम माझं. मी अकरा वर्षांचा. एका रविवारी मी आकडा वाचला. आकडा खरा होता. त्यांनी तागडीची साखळी उचलली आणि तिच्या डोक्यात घातली. डाव्या कानातून रक्त आलं ते दोन दिवस थांबलं नाही. गोवराने कान गेला असं तुला लहानपणापासून सांगितलंय. त्या माणसाने खांद्यावर हात ठेवला ना, तो हात मला ओळखीचा होता.

म्हणून सांगतो, काळी चिठ्ठीही पाठवू नकोस. कुठलीच पाठवू नकोस. तुझे चाळीस प्रश्न चांगले आहेत, पण एक्केचाळीसावा घाल. घरात मारतात का, आणि कशाने, हे विचार. न्हाणीघरात उभ्याने का जेवतात, त्याचं उत्तर तिथे मिळेल.

हे पत्र टाकायला तुझ्या आईकडेच देतोय. पाकीट उघडं ठेवलंय.

या मामावरचा लोभ कमी झाला, तर तेही खरं कळव.

मामा


दि. २ ऑगस्ट

चि. बाळीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. छत्तीस नंबरची पोर तिच्या मावशीकडे राहायला गेली, कोर्टाने बापाला तिथे फिरकायची बंदी केली, हे वाचून जिवात जीव आला. दादाने आनंदाच्या भरात उडी मारायचा बेत केला, मी आरडाओरडा करून थांबवला. चिठ्ठ्या बंद करून एक्केचाळीसावा प्रश्न घातलास, मोठ्या बाईंशी भांडून का होईना, छान केलंस. बासष्ट मुलांनी हो लिहिलं म्हणतेस. मला नवल वाटत नाही. मावशीला सांग, पोरीला बसून जेवू दे, आणि जेवताना कोणी तिच्या ताटाकडे बघत बसू नका.

दादाने लिहिलंय ते खरं का, असं तू विचारतेस. खरं आहे. पण पत्र टाकण्याआधी मी ते वाचलं, आणि त्यात एक गोष्ट नाही.

तो तीन वर्षं माझं वजन दर रविवारी दोन किलो कमी वाचायचा. बाबांना सुई दिसत नव्हती, मला दिसत होती. तो खोटं वाचायचा, मी खाली उतरायचे आणि आम्ही दोघं मागच्या अंगणात जाऊन पोट धरून हसायचो. त्या शनिवारी मी बाबांना जाऊन सांगितलं होतं की दुकानातली काच दादाने फोडली. बाबांनी त्याला पट्ट्याने उभं सोललं. म्हणून रविवारी त्याने खरं वाचलं. एकदाच. साखळी माझ्यापर्यंत पोचण्याआधी मी त्याचा चेहरा बघितला. मार मला बसणार होता आणि ओरडला तो. तेव्हापासून हा माणूस गावभरचे काटे खरे करत फिरला आणि माझ्या डाव्या बाजूला बसून बोलत राहिला, जिथून मला ऐकू येत नाही. तुला वाटतं तो विसरतो. तो विसरत नाही ग.

काल दुपारी तो पेटीतली वजनं पुसत बसला होता. मी चप्पल काढली आणि त्याच्या काट्यावर जाऊन उभी राहिले. साठ वर्षांनी. त्याला म्हटलं की वाच. तो उठला, बरगडी धरून माझ्यापाशी आला, चष्मा लावला, तबकडीकडे बराच वेळ बघत राहिला. मग घसा खाकरून त्याने मोठ्याने आकडा वाचला.

सुई मलाही दिसत होती. त्याने दोन किलो कमी वाचले.

जपून राहा. ओठाची जखम पूर्ण भरली की कळव, आणि सवड काढून ये. मामाच्या उजव्या बाजूची जागा तुझ्यासाठी राखली आहे, डावीकडे मी बसते, माझा ऐकू येणारा कान त्याच्याकडे करून.

तुझी आई