कणगीमागची ज्वारी

प्रिय कस्तुरा,

हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. जावईबापूंच्या हातीही आधी देऊ नकोस, आणि वाचताना तोंडावर काही दिसू देऊ नकोस. अंगणातल्या धुळीत अक्षरं मीच तुला शिकवली, तेव्हा माझं वेडंवाकडं तुला लागेल. लढाईपायी रॉकेल मिळत नाही, म्हणून उजेड आहे तोवर घाईनं लिहितो.

गाव उघडलं. तहसिलीतून हुकूम आला, पाटलानं दवंडी दिली : प्लेग हटला, रानातल्या झोपड्या मोडा, घरी चला. निजाम सरकारचा डॉक्टर सगळ्यांना टोचून गेला. म्हणाला, रोग मुळासकट गेला असं समजू नका, इथून पुढं सांभाळून राहायचं. सांभाळून म्हणजे कसं, ते विचारीपर्यंत त्याचा टांगा तेर गावच्या वाटेला लागला होता. लोकांनी हलगी वाजवत घरं गाठली. तुझी आई सारवायला बसली आणि मी वर माळवदाच्या छताकडं कान लावून बसलो.

तुला आठवत असेल, तुळयांवर उंदरांची केवढी पळापळ चालायची. मी काठीनं ठोकून दमायचो. या साथीत आधी ते पटापट पडले, मग शेजारची सिताबाई गेली. आता घर गप्प आहे. उंदीर परत नांदू लागले तर घर निरोगी, एवढंच मला कळतं. म्हणून रोज कणगीमागं मूठभर ज्वारी ठेवतो. तुझी आई म्हणते, जन्मभर मारले आणि आता जेवायला घालता व्हय? मुनवर गाडीवाला रोज विचारतो, काय गोरोबा, पाहुणे आले का अजून रुसलेलेच? हसू दे त्याला.

आईचा एकच धोसा, पहिलं बाळंतपण माहेरीच. बाज विणून घेतली, डिंक जमवला, दुपटी शिवली. तुझ्या पाठची दोन्ही लेकरं तिच्या मांडीवरच गेली, तेव्हा तिला काय बोलणार? मी म्हटलं, दाणे संपू दे, मग लेकीला आणू. आणि परवा दाणे संपले! काल पुन्हा संपले. मी आनंदानं मुनवरच्या हातावर गूळ ठेवला. आज सकाळी बैलांना वैरण टाकून आत आलो, तर तुझी आई कणगीमागं वाकून एकेक दाणा वेचून ओच्यात भरत होती. मी तसाच मागं फिरलो.

मग तिला म्हणालो, उंदीर आले, तूच जा लेकीला आणायला. हे पत्र तिनंच तुझ्या हातात दिलं आहे; तिला वाचता येत नाही. पाय सुजलेत म्हण, गाडी सोसवत नाही म्हण, पण तू निघू नकोस आणि तिलाही परत सोडू नकोस. बाळंतपण तिथंच, तिच्याच हातानं होऊ दे. लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणून अडेल. तिच्या गाठोड्यात वाटेसाठी म्हणून मी जास्तीचं पीठ बांधलं आहे. वेगळी चूल मांडून दे. मी इथंच घरात निजतो, रोज दाणे ठेवतो. ते खरंच संपले, तुळयांवर पळापळ ऐकू आली, की त्याच दिवशी गाडी जुंपून तुम्हा तिघांना न्यायला येईन. मी आलो नाही, तर बघायला तू येऊ नकोस.

तुझाच बाप,
गोरोबा