कोहळ्याची बारा फुलं

मु. पो. गोंडपिपरी
भादवा, २००३

चिरंजीव सोमाजीले थोरल्या बहिनीचे आशीर्वाद. सिरोंच्यात तुही कंबर कशी आहे थे कळव. माही विचारू नको, एकदा बसली का उठाचं नाव नाई.

तर झालं असं. माही नात रोशनी चंद्रपूरच्या कॉलेजात शिकून राह्यली (सतरा वर्षं झाली, अजून शिकूनच राह्यली). तिनं घरामागं सांदवाडीत कोहळं लावलं. म्हने, नर फुलाचा भुकटा मादी फुलावर पडला का कनाकनातून केसाहून बारीक नळी निघते आन् अंधारात बीपर्यंत वाट काढते. नळीच्या टोकाले एक प्रोटीन असते; थे ज्या बाजूले जमा होईन, नळी तिकडं वळते. ना डोये ना पाय, तरी बरोबर पोचते. (आपला जावई मनसाराम डोये-पाय असून बाजारातून घरी पोचत नाई, त्याच्या डोक्यात काय जमा होते थे साऱ्या गावाले माहीत आहे.)

मागल्या हप्त्यात सोमवारी पहाटे तिनं बारा मादी फुलांले भुकटा लावला. सहाले साधा, लाल धाग्याच्या सहाले औषधाचा, म्हंजे प्रोटीन बंद पडते. वरून कागदाच्या पिशव्या बांधल्या, आजी हात लावू नको म्हनली, आन् सातच्या बसनं गेली.

मले चैन पडेना. चिमूटभर भुकटा, त्यात काय फळ धरते? नाई धरलं तर पोरीचं वर्ष जाईन. मी चाळीस वर्षं नर फूल तोडून मादी फुलावर घासून राह्यली, एक कोहळं वाया गेलं नाई. मंग काय, पिशव्या सोडल्या, बाराही फुलं घासली, होत्या तशा बांधून देल्या.

आता बाराही धरले, मुठीएवढे. मी शेजारच्या अन्नपूर्णेले (रोशनीनं तिलेही सारं समजावलं होतं) कवतिकानं दाखवाले गेली, तर थे म्हनते, "मामी, लाल धाग्याचे तर धरालेच नको होते ना?"

फळ न धरनं हाच अभ्यास, असा अभ्यास असते हे मले कोन सांगन? लाल धाग्याचे सहा गुपचूप तोडून टाकावे असं मनात आलं. पन मंग खोटं तिच्या वहीत जाईन आन् पोरगी त्याच्यावर पुढचं लिहीन. नाई तोडले.

तुही बाई,
कुंता

ता. क. काल दुकानातून फोन करून रोशनीले सारं सांगतलं. फक्त तू पाहुना आलतास आन् फुलं तूच घासली, असं म्हटलं. रविवारी थे येऊन राह्यली, तूही ये आन् मान खाली घालून बस. आजोबाले थे बोलनार नाई.

ता. क. फोनवर वहीची पानं उलटाचा आवाज आला. मंग म्हनली, "आजी, किती वाजले होते?" आठ वाजता, कुंपनावरच्या जुन्या वेलाचं नर फूल, बाराही फुलांले सारखंच. पाठ कर. तिले वहीत लिहाचं आहे, त्यात चुकू नको.