पाठ केलेली उपज

भाई,

परवा तुमचा चाळिसावा झाला आणि आज लिहायला बसलोय. उर्दू तुम्हाला वाचता येत नव्हती, मला लिहिता येत नाही; म्हणून उदगीरच्या शाळेत दोघं शिकलो ती मराठी. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.

तुम्हाला कान नव्हता, भाई. सोळा माणसांचा बँड चालवलात, पण एकालाही गाण्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाहीत. मी क्लॅरिनेटवर एखादा सूर आपल्या मनाचा लावला की भर वरातीत डोळे वटारायचात. मालक होतात की हवालदार?

भूकंप झाला त्या वर्षी तुम्ही वाद्यं पेटीत बंद केलीत. माणसं ढिगाऱ्याखाली गेलीत, आपण वाजवायचं नाही, म्हणालात. तेवढं तुमचं बरोबर होतं. मी मात्र क्लॅरिनेट काढून रेल्वेच्या रुळापलीकडे जाऊन बसायचो. महिनाभर तीनच सूर. तेच उलटे, तेच थांबत, तेच घाईत. मग एका गाण्याचा मुखडा धरून त्यातून बाहेर पडायचं आणि परत यायचं. बाहेर पडणं सोपं होतं. परत यायला दोन महिने लागले. हा रोज जातो कुठं, एवढंही तुम्ही कधी विचारलं नाहीत.

वराती सुरू झाल्यावर कळलं, एकट्यानं शिकलेलं बँडमध्ये चालत नाही. मी सुटायचो आणि ढोलवाले गफूरचाचा पुढचं कडवं धरायचे. मग आमचं ठरलं, परत येताना मी पंचम लांब धरायचा. तेवढ्या खुणेवर आम्ही दोघं तुमच्या पाठीमागे चोरून शिकत राहिलो.

पुढं लातूरला क्लासेसचं पेव फुटलं आणि निकालाच्या मिरवणुका मिळायला लागल्या. एका क्लासच्या मालकानं बजावलं, समोरच्या क्लासचं दार ओलांडेपर्यंत वाजणं थांबता कामा नये. मिरवणूक नेमकी तिथंच अडली. गाणं सात वेळा वाजवून झालं. तुम्ही घामाघूम होऊन माझ्याकडे पाहिलंत, आणि मी गाणं सोडलं. जे सुचलं ते वाजवलं. गफूरचाचांनी सांभाळलं. पोरं बेभान नाचली.

आणि तुम्ही काय केलंत? कुणीतरी मिरवणुकीत भरलेली कॅसेट मिळवून माझी ती ऐनवेळी सुचलेली उपज चार क्लॅरिनेटवाल्यांकडून घोकून घेतलीत! त्या क्लासवाल्यांत आणि तुमच्यात फरक काय राहिला?

"भाई, ते त्या दिवसाचं होतं, पुन्हा तसं वाजत न्हाई," मी म्हणालो.

"मग तू वाजवू नको. लोकाला तेच पायजे."

मी नांदेडला निघून गेलो, एका ऑर्केस्ट्रात लागलो. तुम्ही आजारी असल्याचा निरोप आला तेव्हाही आलो नाही. कबरीवर मिट्टी द्यायला आलो, ते भाभीसाठी.

काल बँडची माणसं मला तालमीच्या खोलीवर घेऊन गेली. मास्तर आता तूच, म्हणाली. चौघांनी माझंच मला वाजवून दाखवलं. किती निर्जीव! मध्येच चौघंही एकदम अर्धा श्वास थांबले, मग पुढं गेले. हे काय म्हणून विचारलं. मग आठवलं. त्या दिवशी तोंडात गुलाल जाऊन मला ठसका लागला होता. तुम्ही माझा ठसकासुद्धा पाठ करून घेतला होतात! मी मोठ्यानं हसलो. दुसरं कुणीच हसलं नाही.

गफूरचाचा म्हणाले, "एकदा ह्यांनी ते गाळलं, तर भाई लई चिडले. म्हणले, माझ्या भावाचा दम हाय तो. गाळायचा न्हाई."

आमच्या घरात, बँडमध्ये, नांदेडात, इतकं नीट मला कुणी ऐकलं नाही, भाई. पण ऐकून केलंत काय? ती चूक होती. एवढंही कळलं नाही तुम्हाला?

कॅसेट मी काढून घेतली आहे. उद्यापासून चौघांना तीन सुरांवर बसवतो. पुढच्या मिरवणुकीत ते आपापलं वाजवतील, आणि सुरुवातीला फार वाईट वाजवतील. मी डोळे वटारणार नाही, हा माझा शब्द.

तुमचा धाकटा,
अन्वर