खुंटीवरचं धोतर

मेलकावेरी, कुंभकोणम्
२ ऑगस्ट २०२५, शनिवार

चि. सुंदरेश यास पंकजावैनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तू, धनलक्ष्मी आणि सूर्या चेन्नईत खुशाल असाल. कावेरीला पाणी आलं आहे. माझा गुडघा होता तसाच आहे. हरिप्रिया बंगळूरहून रोज फोन करते, "आई, जेवलीस का?" विचारते, आणि मी रोज हो म्हणते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. माझं मराठी तुला माहीत आहे. बोलते ती आपल्या घरातली जुनी बोली आणि लिहिते ते तुझ्या अण्णांच्या पुस्तकांवर बोट ठेवून शिकलेलं. चुका सुधारून वाच. पूर्वी तुला पत्रं लिहायचे ते अण्णाच. माझं नाव वेगळं घालत नसत. खाली "आम्ही दोघं" लिहिलं की झालं.

थांब, फाटक वाजलं.

दूधवाली होती.

अण्णांचं वर्षश्राद्ध श्रावण वद्य पंचमीला येतं. भटजींना सांगून ठेवलं आहे. पिंड द्यायला तूच हवास, दुसरं कोण आहे? "ते कुत्रं दारात असेपर्यंत मी उंबरा ओलांडणार नाही" हा तुझा निरोप हरिप्रियाने कळवला. तसं केलं आहे. मणी आता दारात नाही. तेव्हा मनात काही न आणता ये.

एवढं लिहून पत्र संपवणार होते. पाकिटाला डिंकही लावला होता. मग तो ओला असतानाच पुन्हा उघडलं.

तू चेन्नईला राहायला गेलास त्यानंतरचं इथलं तुला काहीच माहीत नाही, म्हणून लिहिते. मणी रस्त्यावरचाच, पण अण्णांनी त्याच्याशी आपल्या बोलीत बोलून बोलून त्याला बिघडवला. समोरची सौंदर्या तमिळमध्ये कितीही हाका मारो, हा मान वळवत नाही. मी आतून हळूच "ये रे" म्हटलं की पायरीवर हजर. सौंदर्या म्हणते, "मामी, ह्याला तमिळ शिकवा. उद्या रेशन कार्ड कोण देईल?" फुलवाली भवानी त्याला धाकटे मामा म्हणते. आज सकाळी टोपली उतरवून तिने विचारलं, "धाकटे मामा दिसत नाहीत, भजनाला गेले की काय?" मी मोगरा घेतला आणि दार लावलं.

भजनाचं तुला ठाऊक नाही. शनिवारी अण्णा साईकुमारच्या रिक्षातून मरुदानल्लूरला मठातल्या भजनाला जायचे, मणी पायाशी बसून बाहेर तोंड काढायचा. तिथे मधोमध समई ठेवून सगळे नाम घेत तिच्याभोवती फिरायला लागले, की हाही अण्णांच्या टाचेमागे फिरायचा. पहिल्यांदा लोकांनी हाकललं. नंतर शेषाद्रीमामाच, जे पुढे उभे राहून गातात, म्हणाले, "राहू द्या हो. अण्णांचा ताल चुकतो, ह्याचा चुकत नाही." अण्णा घरी येऊन हे मला सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

पुन्हा उठून पाहून आले. बकरी होती, शेजाऱ्यांची. फाटकाला अंग घासत होती.

आता तेराव्याचं. तू म्हणतोस, कुत्रा अंगावर आला. सुंदरेश, तो अंगावर आला नाही. दुपारी वाढताना तुझ्या धोतरावर पायसम सांडलं, आठवतं? संध्याकाळी शेषाद्रीमामांनी आपल्याच ओसरीवर समई लावली, तुला फिरायला उभं केलं आणि तुझ्याकडे नेसायला काही नव्हतं. मी घाईत खुंटीवरचं काढून दिलं. ते अण्णांचं. शेवटच्या शनिवारी मरुदानल्लूरहून आल्यावर त्यांनीच टांगलेलं. मृताचं, तेही न धुतलेलं, कोणाला नेसायला देत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही.

मणी तोवर पायरीखाली पडून होता. तेरा दिवस तिथेच होता. तू समईभोवती निघालास आणि तो उठला. एक फेरा तुझ्या टाचेमागे अगदी शहाण्यासारखा फिरला. दुसऱ्या फेऱ्यात त्याने काठाला नाक लावलं आणि तू उडी मारलीस. तू उडी मारलीस म्हणून त्याने धरलं. पुढचं सगळ्यांनी पाहिलं. धोतर त्याच्याकडे राहिलं आणि तू कोठीघरात. शेषाद्रीमामांचं नाम मध्येच खोकल्यात गेलं. तू पँट चढवून बाहेर आलास, "मेल्या घरी माझी शोभा केलीत" म्हणालास आणि रात्रीची बस धरलीस. लहानपणी चक्रपाणी सन्निधीत, देवळापुढच्या गल्लीत, तुला कुत्रा चावला होता, पोटात सुया घेताना तू माझा पदर धरून बसायचास. तेव्हा भीती खरी आहे हे मी जाणते. त्यावर मी हसत नाही.

पण मणी तुझ्या मागे नव्हता रे. त्यांच्या मागे होता.

बुधवारी मी त्याला पाठवला. साईकुमारला सांगून चोळपुरमला, अनंतकृष्णच्या गोठ्यात. गाई आहेत, जागा आहे, उरलंसुरलं खायला मिळेल. रिक्षा दारात आली आणि हा आपणहून चढला, तोंड बाहेर काढून बसला. त्याला वाटलं, भजनाला. साईकुमार माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामी, तुम्ही येत नाही?" मी म्हटलं, माझा गुडघा दुखतो.

काल अनंतकृष्णचा फोन आला. दावं चावून मणी पळाला. कुठे गेला माहीत नाही. त्या रस्त्याला बस कशा येतात ते तुला ठाऊक आहे. कालपासून पान हललं तरी मी फाटकाशी जाते. घासभर भात कावळ्याला ठेवते, पूर्वी मणी भुंकून त्याला उडवायचा म्हणून मी रागवायची. आता कावळा निवांत जेवतो आणि माझ्याच्याने ते बघवत नाही.

पत्र इथेच ठेवते. अंधार पडण्याआधी मेन रोडपर्यंत जाऊन येते.

रविवार, सकाळ

मणी आला.

मी पाणी शिंपलं होतं. कोलम अर्धा काढून झाला होता, पीठ हातात होतं. फाटकाखालून चिखलाचा गोळा आत आला, गळ्यात दाव्याचा तुकडा, मागचा एक पाय उचललेला. मी "ये रे" म्हटलं. आला नाही. पायसुद्धा हुंगले नाहीत माझे. माझ्या रांगोळीवरून सरळ घरात, खुंटीखाली. वर बघितलं. खुंटी रिकामी. तू येणार, श्राद्धाचं घर, म्हणून ते धोतर मी पेटीत टाकलं होतं. मग हा घरभर नाक टेकवत फिरला आणि पेटीशी येऊन बसला. ओरडला नाही, खरवडलं नाही. बसून राहिला.

मी पेटी उघडली. धोतर बाहेर काढलं. त्याने त्यात तोंड घातलं आणि इतका मोठा श्वास सोडला की मी खाली बसले.

आता कोणाला न सांगितलेलं तुला सांगते. ते मी वर्षभर धुतलं नाही. रोज दुपारी दार लावून मीही नाक लावायची. आधी त्यांचा वास यायचा, विभूती, घाम, तो त्यांचा सांधेदुखीचा लेप. पावसाळ्यानंतर कमी झाला. पोंगलपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते. आता मला भिंतीचा वास येतो, कापडाचा येतो, त्यांचा येत नाही. पण रात्री खाली काढून ठेवलं की मणी अजून त्यावरच झोपतो. त्याला येतो. म्हणजे आहे. मला सापडत नाही इतकंच.

आणि हाच मी तुझ्या एका निरोपावर रिक्षात घालून पाठवला होता.

तेव्हा पहिलं लिहिलेलं खोडत नाही, पण ते खोटं झालं आहे. मणी दारात आहे. पंचमीलाही असेल. पिंड तुझ्याच हातून व्हावा ही माझी इच्छा आहे, अण्णांचीही असती. भटजींना मी सांगेन, पिंडाच्या वेळी त्याला मागच्या अंगणात बांधीन, तेवढा वेळ. त्याहून जास्त मागू नकोस. तू नाही आलास तर मी रागवणार नाही. पानावर बसेन तेव्हा तुझं पान मात्र मांडलेलं असेल.

आलास तर स्वतःचं धोतर घेऊन ये. विसरलास तर अण्णांचं पुन्हा खुंटीवर टांगलं आहे. पण संध्याकाळी शेषाद्रीमामा पुन्हा समई लावतील तेव्हा ते नेसलंस, तर तो मागे येईल. तेव्हा पळू नकोस. एक फेरा त्याला फिरू दे. मी समईशी उभी असेन, भीती वाटली तर पदर धर.

धनलक्ष्मीला आणि सूर्याला आशीर्वाद.

तुझी वाट पाहणारी,
आम्ही दोघं