चौपन्न मिलिमीटर

सोमवार, ३ मार्च. ब्रिस्टल.
मीटिंगमध्ये मी एका बीमची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगितली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इथे ड्रॉइंगवर फक्त मिलिमीटर चालतात, हे मला माहीत होतं, तरी तोंडातून गेलं. दिवसभर कान गरम. संकल्प: आजपासून युनिटची एकही चूक नाही. बाबांनी बार्शीच्या एसटी डेपोत बसखाली आडवं पडून मला इंजिनिअर केलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट अशी लाज काढणार नाही.

मंगळवार, ४ मार्च.
एक्सेलमध्ये कन्व्हर्टर बनवला. स्टीलच्या छापील टेबलांमध्ये, म्हणजे कोष्टकांमध्ये, आकडे सेंटिमीटरमध्ये असतात, आमची कॅल्क्युलेशन्स मिलिमीटरमध्ये. आता आकडा टाकायचा, उत्तर घ्यायचं. कोणी बिघडवू नये म्हणून शीट पासवर्डने लॉक केली. सगळ्या ऑफिसला मेल. एक थम्ब्स-अप आला.

बुधवार, ५ मार्च.
माझा सीनियर अंशुमन सुट्टीवर कॉर्नवॉलला गेला. आई-वडील नागपूरचे, हा इथलाच, स्विंडनमध्ये जन्मलेला. जाताना एक काम देऊन गेला. मिस्टर आणि मिसेस प्रिचर्ड यांच्या स्वयंपाकघराची भिंत काढून तिथे बीम टाकायचा आहे. डिझाइन त्याचं. इथली पद्धत अशी की दुसऱ्याने सगळं पहिल्यापासून करून बघायचं आणि ‘चेक्ड’च्या चौकटीत सही करायची. ती सही माझी. पहिलीच.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी.
अंशुमनच्या मते बीम मध्यभागी ५.४ मिलिमीटर वाकेल. माझं उत्तर ५४. अकरापर्यंत चालतं. बरोबर दहापट फरक, म्हणजे त्याचं दशांशचिन्ह सरकलं. सुट्टीची घाई, दुसरं काय. मी पुन्हा शीटमध्ये घालून पाहिलं. ५४. शीट चुकणं शक्य नाही, लॉक आहे.

चार वाजता.
अंशुमनला रेंज नाही. कॉन्ट्रॅक्टर गॅरेथला काम थांबवायला सांगितलं आणि दुपटीहून जास्त उंच बीम मागवायला सांगितला. किचन आहे, मोटरवे नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, वरच्या बेडरूममध्ये माणसं झोपतात. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

शुक्रवार, ७ मार्च.
बाबांना फोन. साहेबांची चूक सापडली म्हणून सांगितलं. घरात माणसं किती, असं त्यांनी विचारलं. दोन, म्हटलं. मग ते आईला ओरडून सांगताना ऐकू आलं की पोरीनं दोन जीव वाचवले. मी दुरुस्त केलं नाही. खोटं थोडंच होतं?

शनिवार, ८ मार्च.
साइटवर गेले. नवा बीम घराच्या बाजूच्या बोळातून आत जाईना. सध्या पुढच्या अंगणात गुलाबांवर आडवा आहे. मिस्टर प्रिचर्ड सव्वासहा फूट उंच. हा बीम बसला तर फ्रिजपर्यंत वाकून जावं लागेल. स्वयंपाकघरात टेकूच टेकू, त्यामुळे मिसेस प्रिचर्ड हॉलमध्ये कॅम्पिंगच्या शेगडीवर सूप करत होत्या. अजून बरेच दिवस लागतील का, असं त्यांनी फार हळू विचारलं. सुरक्षिततेवर मी दहा मिनिटं बोलले. सूप उतू गेलं.

रविवार, ९ मार्च.
बाबांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. डेपोच्या गेटवर फ्लेक्स. पदवीदानाच्या काळ्या गाऊनमधली मी, खाली शुभेच्छुक म्हणून अख्खं वर्कशॉप, गॉगल लावून. ‘इंग्लंडमध्ये घर कोसळू न देणाऱ्या कु. ऋजुता यांचे हार्दिक अभिनंदन.’ इतकं करायला नको होतं. फोटो झूम करून पाहिला. छान आलाय.

सोमवार, १० मार्च.
अंशुमन आला. माझं कॅल्क्युलेशन वाचलं. खुर्ची जवळ ओढून, बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत म्हणाला, “दहा चार वेळा गुणायचा असतो. तू तीन वेळा गुणला.”
बीम वाकायला किती विरोध करतो, तो आकडा टेबलात सेंटिमीटरच्या चौथ्या घातात असतो. दहा हजारांनी गुणायचं. माझ्या शीटमध्ये हजार होते. पासवर्ड लावून लॉक केलेले हजार.
त्याचा बीम बरोबर होता. मला समजलं की नाही याची खात्री करायला त्याने चार बोटं वर केली, मग तीन. मराठी कोणाला कळत नव्हती. बोटं सगळ्यांना कळली.

मंगळवार, ११ मार्च.
सकाळी लिहिलं होतं: टेबलं छापणाऱ्यांनीच मिलिमीटर दिले असते तर हे झालंच नसतं. संध्याकाळी वाचलं. खोडलं.
गॅरेथला फोन करून माफी मागितली. मोठा बीम परत जाईल, गुलाबांचं मात्र सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मी रागावण्याची वाट पाहत होते. तो रागावला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बुधवार, १२ मार्च. लंच.
बाबांना खरं सांगायचं. तीनदा फोन लावला, तीनदा हवेबद्दल बोलले. चौथ्यांदा सांगितलं. चूक साहेबांची नव्हती, माझी होती. घराला काही होणारच नव्हतं. फ्लेक्स काढा.
बाबा डेपोतच होते. मागे कुठली तरी एसटी सुरू होत नव्हती.
“घर पडलं का?”
“नाही, बाबा.”
“मग फ्लेक्सवर तेच लिहिलंय. पाडव्यापर्यंत राहू दे.”
फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. कन्व्हर्टर सगळ्यांकडून परत मागवला. कोणी उघडलाच नव्हता.

शुक्रवार, १४ मार्च.
अंशुमनचा बीम बसला. त्याआधी सगळं पहिल्यापासून, हाताने, कागदावर केलं. ५.४. ‘चेक्ड’मध्ये सही केली. अंशुमनने साइटवर मला एकटीलाच पाठवलं.
मिस्टर प्रिचर्ड फ्रिजपर्यंत ताठ चालत गेले आणि दूध घेऊन आले. मिसेस प्रिचर्ड यांनी स्वयंपाकघरात चहा केला. इतकी काळजी घेणारी इंजिनिअर मिळाली हे आमचं नशीब, असं म्हणाल्या. अंशुमनने त्यांना काही सांगितलं नसावं. सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बिस्किटं पुढे आली.
निघताना बीमखालून जावं लागतं. माझी उंची पाच फूट. तरी मी वाकून गेले.
तुमचं काही खाली पडलं का, असं मिसेस प्रिचर्ड यांनी विचारलं. हो, म्हटलं.