पहिले दोन नकार

लिंडेन लेक, मिनेसोटा
२० ऑगस्ट २००६

प्रिय वर्नाताईस,
स. न. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचं त्राण नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं.

डॅरिनचं ठरलं एकदाचं. उन्हाळाभर आईस हॉकीच्या तीन संघांच्या माणसांनी आमचं स्वयंपाकघर सोडलं नव्हतं. नॉर्थ डकोटावाला म्हणाला की पहिल्या दिवसापासून पोराला बर्फावर उतरवतो. नेब्रास्कावाल्याने चकचकीत पुस्तिका दिली, तिच्यात मैदान कमी आणि हसणाऱ्या पोरांचे दातच जास्त. तुमच्या गावचा प्रशिक्षक, तो बॉस्टनकडचा, आला, माझ्या हातच्या चार वड्या न लाजता खाल्ल्या आणि सरळ म्हणाला की सुरुवातीला पोराला बाकावर बसावं लागेल. रोलीला, पोराच्या बापाला, तोच आवडला. डॅरिनला विचारलं तर त्याने खांदे उडवले आणि मावशीकडे चालेल म्हणाला. मला विचारशील तर त्याने संघ नाही, तुझे बटाटे निवडले.

नियम तुला माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत. आत्ता तिकडच्या शाळेत नाव घालायचं, दोन-अडीच महिने ज्युनियर लीगमध्ये खेळायचं, आणि तेरा नोव्हेंबरला इथल्या हायस्कूलची हॉकी सुरू झाली की घरी परत. शाळेचं हे शेवटचं वर्ष. नाहीतर मग तिकडेच राहायचं, पूर्ण मोसम. ते त्याचं त्याने ठरवायचं. मी एक अक्षर बोलणार नाही. रोलीला अठराव्या वर्षी असंच बोलावणं आलं होतं आणि त्याच्या आईने जाऊ नकोस म्हटलं. तो राहिला, खाणीत लागला, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात ती गोष्ट आमच्या टेबलावर बटाट्यांबरोबर वाढली जाते. माझ्या होणाऱ्या सुनेला मी ती पंगत द्यायची नाही, असं ठरवलं आहे.

वृद्धाश्रमात माणसं कमी आहेत म्हणून मला सलग रात्रपाळ्या लागल्या आहेत. पोरगा शनिवारी निघेल. त्याच्या मोज्यांकडे लक्ष ठेव, नाकाला रुमाल धरून.

लोभ आहेच, तो पोरावरही राहू दे.
तुझी,
मार्लिस


वेस्टन ब्लफ, आयोवा
१७ सप्टेंबर

चि. मार्लिस हिस,
अनेक आशीर्वाद. पोरगा सुखरूप आहे, खातो आहे, आणि मोज्यांबद्दल तू लिहिलंस ते कमीच लिहिलंस.

मी गेल्या वसंतातच ठरवलं होतं की आता क्लबची खेळणारी परक्यांची पोरं घरात ठेवायची नाहीत. अकरा हिवाळे झाले. दरवर्षी नवी पोरं येतात, त्यांना जीव लावायचा, आणि मग एका सकाळी क्लबचा फोन येतो की याची दुसऱ्या संघाशी अदलाबदल झाली, बॅग भरा. पोरगा दुपारी कॅन्ससच्या रस्त्याला लागलेला असतो आणि मी त्याच्या चादरी धुवत असते. माझा नवरा गेल वारल्यापासून तर हे सगळं एकटीनेच. पण ऑगस्टात क्लबच्या बाई ब्लूबेरीचा केक घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा त्यांनी विचारल्यावर बरं म्हटलं. आईने वाढवलेल्या पोरी आपण, दुसरं काय होणार.

तर डॅरिनबरोबर कोल म्हणून अलास्काचा एक मुलगा आहे. बाप मासेमारीच्या बोटीवर, आईने दुसरा संसार मांडलेला. उंच, हाडकुळा, आणि शिष्टाचार म्हणशील तर शून्य. मी शेंगदाण्याच्या लोण्याच्या आणि चॉकलेटच्या वड्या केल्या, आईच्याच पद्धतीने. ताटलीत शेवटची एक उरली, जी आपल्याकडे कुणी कधी उचलत नाही, तर या कोलने कुणाकडे न बघता उचलली आणि तोंडात टाकली. डॅरिनने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने चर्चच्या दानपेटीत हात घातला. आता कोल घरात नसला की शेवटची वडी ताटलीत वाळत पडते. तुझा पोरगा तिच्या शेजारी बसून अभ्यास करेल, पण हात लावणार नाही.

खेळ बरा चालला आहे. बाकावर दोनच सामने बसला. मला हॉकीत अजून काही कळत नाही, पण लोक उठून उभे राहतात तेव्हा बर्फावर बहुतेक हाच असतो.

माझ्याशी बोलायचं झालं की फ्रिजवरच्या पाटीवर लिहितो. काल लिहिलं होतं की घरच्या तळ्यावर धुकं पडायला लागलं असेल का. मला काय माहीत, मी आयोवात राहते.

आठवण ठेव, आणि झोपत जा गं.
तुझी,
वर्ना


लिंडेन लेक
८ ऑक्टोबर

प्रिय वर्नाताईस,
स. न. वि. वि. धुकं पडायला लागलं आहे, त्याला सांग. काठाला पहाटे बर्फाचा पापुद्रा धरतो, दुपारी जातो.

इथलं काही फार चांगलं नाही. खाणीत पाळ्या कमी केल्या, रोली आठवड्यातले तीन दिवस घरी असतो आणि हरणांच्या शिकारीची बंदूक पुन्हा पुन्हा पुसतो. पुसण्यासारखं तिच्यात आता काही उरलेलं नाही.

शाळेचे ओडेगार्ड सर मंगळवारी आले होते. तेच इतिहास शिकवतात आणि तेच हॉकी. डोनट घेऊन आले, तासभर बसले, छपराबद्दल बोलले, त्यांच्या मेहुण्याच्या गुडघ्याबद्दल बोलले, हॉकीचं नाव नाही. निघताना पायपुसण्यावर उभे राहून म्हणाले की यंदा मुलं जेमतेम पंधरा होतील, म्हणजे डॅरिन धरून. पुढच्या वर्षी आपला संघ नॉर्थ फोर्कच्या संघात मिसळणार हे नक्की झालं आहे. लिंडेन लेकचा हिरवा शर्ट घालून खेळणारी ही शेवटची पोरं. एवढं बोलून त्यांनी टोपी घातली आणि बाहेर गाडीत बराच वेळ नुसते बसून राहिले.

यातलं डॅरिनला काही सांगू नकोस. तुला बजावून ठेवते आहे. गावाचं ओझं एका पोराच्या पाठीवर टाकायचं नाही. त्यांच्या संघाचा गोलरक्षक ट्रॉय, बालवाडीपासूनचा मित्र, तोही दुकानात भेटला तर डॅरिन कसा आहे एवढंच विचारतो आणि सुतळीच्या गुंड्याकडे बघत राहतो.

मी रविवारी फोनवर एकदा म्हटलं त्याला, घरी यायचं असलं तर ये. तो म्हणाला की नको, ठीक आहे इथे. म्हटलं, बरं, तुला वाटेल ते कर. म्हणजे विचारून झालं. फोन ठेवल्यावर मी त्याच्या खोलीत जाऊन पडदे धुवायला काढले. ते धुवायला झाले नव्हते.

मी थकले आहे ताई. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांना कूस बदलून देते, आणि त्या मला आपल्या मुलांच्या नावाने हाक मारतात.

लोभ कमी करू नकोस.
तुझी,
मार्लिस


वेस्टन ब्लफ
१५ ऑक्टोबर

प्रिय आई,
मावशी म्हणते की पत्र लिही, म्हणून लिहितो आहे. मी मजेत आहे. शाळा ठीक आहे. शनिवारी दोन गोल केले, त्यातला एक खरं म्हणजे कोलचाच होता, माझ्या बुटाला लागून गेला.

प्रशिक्षक विचारत होते की पूर्ण मोसम राहतोस का. मी म्हटलं, बघू, कोलपण चांगला खेळतो, त्याला ठेवलंत तरी चालेल. त्यावर ते चिडले. म्हणाले की मी कोलबद्दल विचारलेलंच नाही. मला कळेना मी काय वाईट बोललो.

तुम्हाला चालणार असेल तर मी राहतो. तुम्हाला अडचण नको. तसं काही नाही. ट्रॉय काही म्हणत होता का? सहज विचारतो आहे. बाबांना सांग, हरणाच्या मचाणाची तिसरी पायरी सैल आहे.

तुझा,
डॅरिन


वेस्टन ब्लफ
२२ ऑक्टोबर

चि. मार्लिस हिस,
अनेक आशीर्वाद, आणि थोडी बोलणीपण. खुर्चीत बसून वाच.

प्रशिक्षकाला शुक्रवारी, तीन तारखेला, उत्तर हवं आहे. त्याच्याकडे एकच जागा उरते, डॅरिनची किंवा कोलची. आता मी आधीच सांगून टाकते की मी काही तटस्थ नाही. डॅरिन राहिला तर कोलची बॅग भरली जाईल, आणि त्या पोराला घर म्हणावं असं कुठे नाही. ते मला बघवणार नाही. तेव्हा माझ्या सल्ल्यावर किती भरवसा ठेवायचा ते तू बघ.

पण त्याहून दुसरं. तू लिहितेस की एकदा विचारलं आणि तो नको म्हणाला. मार्लिस, तू कुणाच्या घरात वाढलीस? आपल्याकडे पहिलं नाही हे कधीपासून खरं व्हायला लागलं? चर्चच्या तळघरात कॉफी विचारली तरी आपण दोनदा नको म्हणतो, मग कप पुढे करतो. नको म्हणून गप्प बसायचं आणि पुन्हा विचारण्याची वाट बघायची, हे तो पोरगा तुझ्याच घरात शिकला. तो बॉस्टनवाला पहिल्या नकारालाच नकार समजतो म्हणून त्याच्यावर हसायचं, आणि सख्ख्या आईने तेच करायचं?

त्या रविवारी मी समोर होते. मला ऐकू येत नाही पण दिसतं. फोन ठेवून त्याने पाटीवर लिहिलं की आईला चालतंय. मग जॅकेट न घालता अंगणात गेला, आणि नुसता उभा राहिला. त्याला वाटतं की त्याची तुम्हाला गरज नाही, आणि तुला वाटतं की त्याला घर नको. दोघं सभ्यपणाने एकमेकांना पुढे जा, पुढे जा करत दारातच उभे आहात.

तू घाबरतेस ते मला कळतं. पण रोलीच्या आईने जाऊ नकोस म्हटलं होतं आणि त्यावर बोलायची सोय ठेवली नव्हती. तू ये म्हण, आणि त्याला नाही म्हणायची मुभा ठेव. दोन्हींत फरक आहे. मग तो नाही म्हणाला तर तुला रडायला मी पत्रात जागा देईन.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.
तुझी,
वर्ना


लिंडेन लेक
२७ ऑक्टोबर

चि. डॅरिन यास,
अनेक आशीर्वाद. तू सुखरूप आहेस हे मावशीकडून कळतं.

मी त्या रविवारी फोनवर तुला विचारलं ते नीट विचारलं नाही. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं. तेव्हा आता पुन्हा विचारते. घरी येतोस का?

ओडेगार्ड सरांसाठी नाही, ट्रॉयसाठी नाही, गावासाठी नाही. त्यांचं काय ते त्यांनी तुला विचारावं, त्यांना तोंड आहे. बाबा म्हणत होते की पोराच्या निर्णयात हात घालू नकोस. मी त्यांना हे पत्र वाचून दाखवलं. ते उठून मचाणाची पायरी नीट करायला गेले. मला स्वतःला तू घरी हवा आहेस. जेवायला समोर हवा आहेस, दारात ओले बूट काढून मला अडखळून पाडायला हवा आहेस. पुढच्या वर्षी तू कुठेतरी जाशीलच, आणि मी जाऊ देईन. हा एक हिवाळा मला दे असं म्हणायचं मला दोन महिने जमलं नाही, कारण मागितलं की तू अडकशील अशी भीती होती. मला अजूनही ती आहे. तिथे तुझं चांगलं चाललं आहे आणि इथे आल्यावर ती जागा पुन्हा मिळेल याची हमी कुणी देणार नाही, हेही मला माहीत आहे.

म्हणून तिसऱ्यांदा विचारते, आणि आपल्याकडे तिसऱ्यांदा विचारतात ते मनापासून असतं. घरी येतोस का? आता तू नाही म्हणालास तर मी ते खरं धरीन, आणि तुझी थंडीच्या कपड्यांची पेटी स्वतः आणून देईन. त्यावरून जेवणाच्या टेबलावर कधी विषय निघणार नाही.

माझा लोभ तू आलास तरी आहे, न आलास तरी आहे.
तुझी,
आई


वेस्टन ब्लफ
१ नोव्हेंबर

चि. मार्लिस हिस,
अनेक आशीर्वाद. काल दुपारी तुझं पत्र आलं. तो ते जिन्यावर बसून वाचत होता, भिंतीवरच्या माझ्या सगळ्या जुन्या पोरांच्या फोटोंखाली. मी दोनदा तिथून गेले, कपडे घेऊन. पान तेच होतं.

मग तो बर्फावर गेला आणि घरी जातो असं प्रशिक्षकाला सांगून आला. प्रशिक्षकाने बजावलं की मार्चमध्ये परत आलास तर जागा असेलच असं नाही. डॅरिन समजलं म्हणाला, एवढंच. मिनेसोटाच्या पोराकडून पहिल्यांदा सरळ उत्तर मिळालं, असं तो गृहस्थ कोलला म्हणाला म्हणे. पोराला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. परत आल्यावर तो गाडीतून लवकर उतरेना, आणि त्याचे डोळे लाल होते. ती जागा त्याने कमावली होती. तुझ्याजवळ आल्यावर तो महिनाभर चिडचिड करेल, ती तू मुकाट्याने सोसायची.

कोल राहतो आहे. त्याला कळलं तेव्हा त्याने माझी भांडी न सांगता विसळली, आणि दोन फोडली.

डॅरिन पाच तारखेला, रविवारी, बसने निघेल. जेवायला काय हवं ते त्याला विचारू नकोस, नुसतं वाढ.

आणखी एक. गाडीतून उतरल्यावर तो स्वयंपाकघरात आला. टेबलावर ताटली होती, ताटलीत एकच वडी, आणि समोर कोल बसलेला, त्याचा हात अर्ध्या वाटेवर. तुझ्या पोराने माझ्याकडे बघितलं नाही, कोलकडे बघितलं नाही. त्याने ती उचलली, उभ्या उभ्या खाल्ली, आणि फ्रिजवरच्या पाटीवर लिहिलं की बॅग कुठे ठेवली आहे.

लोभ असावा. एकदाच म्हणते आहे, पण पहिल्याच वेळी खरं म्हणते आहे.
तुझी,
वर्ना