तुझा हात कशानं सुटला

माय, तुला वाचता येत नव्हतं. मामाचं कार्ड आलं की तू हातातलं काम टाकून भिंतीला टेकून बसायचीस. मी आधी ओठ न हलवता वाचून घ्यायचे आणि मग तुला थोडक्यात सांगायला जायचे. ते तुला चालायचं नाही. "मोठ्यानं वाच गं, पोटात वाचू नको," म्हणायचीस. कोणत्या मेंढीचा पाय मोडला इथपासून शब्द न शब्द तुला कानानं ऐकायचा असायचा. म्हणून हे लिहायला बसले खरी, पण मोठ्यानं वाचल्याशिवाय हे तुला पोचायचं नाही, एवढं मला ठाऊक आहे. आज रविवार. दुपारचे तीन वाजलेत, तू कधी न पाहिलेली तुझी नात आत अभ्यास करतीय आणि साडेपाचला आमच्या दोघींचा क्लास आहे.

कसला क्लास म्हणशील. मारामारीचा. हसू नको. बेचाळिसाव्या वर्षी तुझी लेक हाताला पट्ट्या गुंडाळून, दातांवर रबर चढवून, बजाजनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ठोसे मारते आणि खाते. हे सुरू झालं पोरीमुळं. दोन महिन्यांपूर्वी ती कॉलेजातून सिटी बसनं घरी आली आणि दप्तर टाकून सरळ अंघोळीला गेली. संध्याकाळी जेवायला नको म्हणाली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही." परत विचारलं तेव्हा रडायला लागली. बसमध्ये एक माणूस मागं चिकटून उभा होता, ती सरकली की तोही सरकायचा, आणि हिच्या तोंडून आवाज फुटला नाही. मी तिला पोटाशी धरलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, सगळं आईनं करायचं ते केलं. पण माझ्या कानात राहिलं ते तिचं "काही नाही". हे दोन शब्द आपल्या घरात कुणी आणले ते मला माहीत आहे.

मग क्लास शोधत हिंडलो. पहिल्यांदा कराटेला गेलो, एका शाळेच्या मैदानावर. पांढरे कपडे, रंगीत पट्टे, ओळीत उभी पोरं. पोरीला ते लई आवडलं. तिथं फटका समोरच्याच्या अंगापासून एक बोट अलीकडं थांबवायचा. तिथले सर भला माणूस, त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं की आमच्याकडं शिस्त येईल, अंग तयार होईल, पण तुम्ही ज्यासाठी आलात त्यासाठी जिथं खरा मार लागतो तिथं जा. ज्युदोही बघितलं. तिथं एकमेकांना मिठीत धरून पाडायचं असतं, आणि बसमधलं ताजं होतं, पोरगी दारातूनच मागं फिरली. मग हे किकबॉक्सिंग. शिकवणारी मॅडम सव्वीस-सत्तावीसची असेल, नाकाचं हाड थोडं वाकडं. मी विचारलं, नवशिक्यानं नेमकं काय बघून ठरवायचं? ती म्हणाली, "ताई, नावावर जाऊ नका. जिथं समोरचा खरंच मारतो, आणि तुम्ही बास म्हटल्यावर खरंच थांबतो, तिथं शिका." पोरीला हे पटलं. पण पोरगी एकटी यायला तयार होईना, म्हणून माझंही नाव घातलं.

पहिला आठवडा हाता-पायाला काही शिकवलंच नाही. दोन्ही पंजे छातीसमोर धरायचे आणि पोटातून ओरडायचं, "मागं हो." मॅडमचं म्हणणं, ठोसा ही नंतरची गोष्ट, आधी आवाज, मग सुटका, मग पळ. तिसऱ्या दिवशी पोरीचा आवाज असा निघाला की शेडचे पत्रे वाजले. माझा निघेना. घशात खाकरल्यासारखं व्हायचं आणि संपायचं. मॅडम जवळ आली आणि अगदी मायेनं म्हणाली, "कुणी बंद केला तुमचा आवाज?" बायांना ती हे नेहमी विचारत असेल, आणि बाया खरंखुरं कुणाचंतरी नाव सांगत असतील, नवऱ्याचं, बापाचं. माझा कुणी बंद केला नव्हता, माय. मी तुझा बंद केला होता.

तुझा आवाज काय होता! लासूरच्या रानात तू हाळी दिलीस की ओढ्यापलीकडची मेंढरं मान वर करायची, हे मामा सांगायचा. लग्न होऊन मुकुंदवाडीला आलीस, बांधकामावर जायला लागलीस, तरी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मला तशीच हाक मारायचीस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सातवीत असताना मी तुला म्हटलं होतं, इथं ओरडत जाऊ नको, हे रान नाही. तेव्हापासून चारचौघांत मी तुला माय म्हणणंही सोडलं, आई म्हणायला लागले. तू दोन्ही गोष्टींचं वाईट वाटून घेतलं नाहीस, निदान दाखवलं नाहीस.

आणि मग तो दिवस. मी दहावीत. मामाकडून पॅसेंजरनं परत येतोय, तुझ्या डोक्यावर तुरीच्या डाळीचं बोचकं आहे, दाराशी ही गर्दी. मुकुंदवाडी यायच्या जरा आधी मागच्या माणसानं माझ्या अंगाला हात लावला. मी दांडी धरून गोठून गेले. तू पाहिलंस. खाली उतरल्या उतरल्या तू त्याचं मनगट धरलंस, पळत्या मेंढराची तंगडी धरावी तसं, आणि हाळी दिलीस. अख्खं स्टेशन वळून बघायला लागलं. त्यानं झटका दिला, बोचकं पडून फुटलं, डाळ सगळीकडं झाली. त्यानं कोपर मारलं तुझ्या तोंडावर. ओठ फुटला, हनुवटीवर रक्त आलं, तरी तुझा हात सुटला नाही. पोलीस आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "साहब, लडकी से ही पूछ लो ना." पोलिसानं मला विचारलं, पोरी, यानं काय केलं? माझ्या वर्गातल्या दोन मुली नळाशी उभ्या होत्या. त्या तुझ्याकडं बघत होत्या, तुझ्या सुटलेल्या पदराकडं, रक्ताकडं. मला त्या माणसाची लाज वाटायला हवी होती. मला तुझी वाटली. मी म्हटलं, "काही नाही."

तेव्हा तुझा हात सुटला. कोपर खाऊन सुटला नव्हता.

त्या माणसानं तुलाच माफी मागायला लावली. तू हात जोडलेस. तो गेला, लोक पांगले, तू खाली बसून डाळ वेचायला लागलीस आणि मी पाणी प्यायला गेले. तहान नव्हती. घरी जाताना रस्त्यात तू एकदाच विचारलंस, "पोरी, खरं सांग. त्यानं कायच नव्हतं केलं?" मी नाही म्हटलं. "मंग माझंच चुकलं," म्हणालीस. पुढच्या आठवड्यात तू बांधकामाचा खाडा करून डोळे तपासून आलीस. डॉक्टर म्हणाला, नजर एकदम चांगली आहे. तू त्याचं मानलं नाहीस, माझं मानलंस. शेजारणीला सांगत राहिलीस, मला आताशा नीट दिसत नाही. गल्लीच्या तोंडाशी येऊन तू परत कधी हाक मारली नाहीस, चालत घरापर्यंत यायचीस आणि दारात उभी राहून हळू आवाजात बोलवायचीस. मला ते बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला ते बरंच वाटायचं.

त्यानंतर तू सात वर्षं होतीस. शेवटचे बारा दिवस दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसून मोसंबी सोलत होते, आणि रोज वाटायचं की आज सांगू. मोसंबी सोललीस छान, असं म्हणालीस एकदा.

गेल्या रविवारी क्लासमध्ये मला पहिला खरा ठोसा लागला. ओठ दातावर आपटला, तोंडात रक्ताची चव आली आणि माझे दोन्ही हात आपोआप खाली गेले, डोळे मिटले. मी बास म्हणायच्या आत मॅडमच थांबली. "मार लागला की हात सोडायचा नाही, ताई. तेवढंच शिकायचंय." मी म्हटलं, आमच्या मायला येत होतं. पोरीनं कान टवकारले. घरी येताना स्कूटीवर मागून विचारत राहिली आणि मी सांगितलं सगळं, डाळ, मनगट, कोपर. तिला आजीचा एवढा अभिमान वाटला की तिनं मला मागून घट्ट धरलं. मग म्हणाली, "मम्मी, मग आजीनं त्याला सोडला कसा?" मी म्हटलं, पोलीस घेऊन गेले त्याला.

बघ, अजून तेच करतेय. पोरीला वाटतं अशा वेळी गप्प बसणारी आपल्या घरात ती एकटीच. तुला वाटत गेलं की नजर अधू झाली. दोघींना एकच वाक्य सांगायचं आहे.

त्यानं केलं होतं, माय. तू बरोबर बघितलं होतंस.

आत्ता गच्चीवर येऊन हे सगळं पत्र मी तुला मोठ्यानं वाचून दाखवलं. वरची ती एक ओळ तेवढी पोटात वाचली.